नांगराला अनुदान, नांगरणाऱ्याला नोटीस

सरकार जेव्हा एखाद्या कामासाठी पैसा देते, तेव्हा त्या पैशाबरोबर ते एक निर्णयही देत असते. कोणती जमीन उपयोगाची आणि कोणती निरुपयोगी, कोण शेतकरी आणि कोण उपरा, हे अनुदानाच्या नियमांतच ठरून जाते. म्हणून कोणतेही अनुदान जाहीर झाले की, वाचकहो, आपण प्रथम दोन प्रश्न विचारले पाहिजेत. हा पैसा कोणत्या जमिनीवर पडणार? आणि तो कोणाच्या नावाने निघणार? रक्कम किती, हा प्रश्न तिसरा होय. दुर्दैवाने आपल्या वस्त्यांतून तोच पहिल्याने विचारला जातो.

गवताची जमीन मोडून ती पिकाखाली आणावी, यासाठी जगातील अनेक सरकारांनी शेतकऱ्यांना पैसा दिला. आपल्याही देशाने तो दिला. मात्र त्याच देशात गावोगावच्या गायरानाचा दगड-गोटा वेचून, एक पैचेही अनुदान न घेता ज्यांनी जमीन वहितीस आणली, त्या आपल्या बांधवांच्या हाती पडली ती अतिक्रमणाची नोटीस. हा विरोध कसा उत्पन्न झाला आणि त्यातून आपण कोणता मार्ग काढावा, एवढेच या लेखात मांडावयाचे आहे.

परदेशांतील अनुभव

अशी अनुदाने मूर्खपणाने दिली जातात, असे कोणी समजू नये. त्यामागे एक साधा हिशेब असतो. एक एकर गवत जनावराला घालून त्या जनावरापासून माणसाचे जितके पोट भरते, त्याहून कितीतरी अधिक पोट त्याच एकरातील गव्हाने किंवा बटाट्याने भरते. दुसरे महायुद्ध दाराशी आले तेव्हा, १९३९ साली, ब्रिटिश सरकारने हाच हिशेब केला. बाहेरून धान्य आणणारी जहाजे शत्रूच्या पाणबुड्या बुडविणार, हे उघड होते. सबब सात वर्षांहून जुने कुरण नांगरणाऱ्या शेतकऱ्यास एकरी दोन पौंड देण्याचे ठरले. युद्धकाळात लक्षावधी एकर गवत नांगराखाली गेले आणि ते राष्ट्र उपासमारीतून वाचले. येथवर त्या धोरणास नावे ठेवण्याचे कारण नाही.

परंतु अनुदानाचा एक स्वभाव आहे. ज्या कारणासाठी ते सुरू होते, ते कारण संपले तरी अनुदान संपत नाही. युद्ध आटोपल्यावरही नांगरणीचे पैसे चालूच राहिले. १९५२ साली तर त्यासाठी स्वतंत्र कायदा होऊन गवत मोडण्यास एकरी पाच पौंड मिळू लागले. परिणाम असा की, १९३० नंतरच्या सुमारे पन्नास वर्षांत इंग्लंड व वेल्समधील रानफुलांच्या जुन्या कुरणांपैकी सुमारे ९७ टक्के नाहीशी झाली. आज तेथील सरकार उरलेली कुरणे राखण्यासाठी शेतकऱ्यांना पैसे देते. मोडण्यासाठी पैसे घेणारा आणि राखण्यासाठी पैसे घेणारा वर्ग एकच आहे, हे ध्यानात घ्या. तो जमीन धरून असणारा वर्ग आहे. त्या शेतात राबणाऱ्या मजुराला दोन्ही वेळी मजुरीच मिळाली.

अमेरिकेचा धडा याहून कठोर आहे. मूळ रहिवाशांकडून हिरावून घेतलेल्या मैदानी मुलखात १९०९ च्या कायद्याने वसाहतवाल्यांना ३२० एकरांपर्यंत जमीन मिळू लागली. पुढे पहिल्या महायुद्धात सरकारने गव्हाला हमीभाव दिला. नांगरणीसाठी रोख रक्कम कोणी दिली नव्हती. पण फुकट जमीन आणि हमीचा भाव हेही अनुदानच होय. शतकानुशतके माती धरून ठेवणारे गवत उपटले गेले. १९३० नंतर अवर्षण आले आणि ती उघडी माती वाऱ्याबरोबर उडाली. १४ एप्रिल १९३५ रोजी तर धुळीच्या लोटाने भरदिवसा अंधार केला. त्याच महिन्यात मृदसंधारणाचा कायदा झाला. १९८५ च्या कायद्याने धूप होणाऱ्या जमिनी पुन्हा गवताखाली ठेवणाऱ्यास वार्षिक मोबदला ठरला. २०१४ साली सहा राज्यांपुरता असा नियम झाला की, पूर्वी कधी न मोडलेले गवत जो मोडील, त्याला पहिली काही वर्षे पीकविम्याच्या हप्त्यातील सरकारी मदत कमी मिळेल. म्हणजे सवलतीचा विमा हादेखील नांगराला दिलेला पैसाच आहे, हे त्या सरकारास ऐंशी वर्षांच्या अनुभवाने कळून आले.

आपल्या देशात काय झाले

ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्याने तेथील तांदूळ बंद झाला आणि १९४३ साली बंगालात दुष्काळाने लक्षावधी माणसे मेली. त्या काळात ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम सुरू झाली आणि स्वातंत्र्यानंतरही ती चालू राहिली. विहिरी, बियाणे, खते व जमीनसुधारणा यांसाठी कर्जे व सवलती दिल्या गेल्या. पड आणि जंगलाच्या जमिनी पिकासाठी ‘एकसाली’ लावणीने देण्यात आल्या. मध्य भारतात कांस गवताने व्यापलेले विस्तीर्ण प्रदेश सरकारी ट्रॅक्टरांनी मोडून काढले. त्या यंत्रसामग्रीसाठी १९४९ साली जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचे कर्ज घेण्यात आले. मोहिमेच्या चौकशीसाठी व्ही. टी. कृष्णमाचारी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९५२ साली अहवाल दिला. खेड्याचे सर्व प्रश्न एकत्र हाताळल्यावाचून केवळ धान्यवाढीची मोहीम टिकत नाही, असा त्याचा आशय होता आणि त्यातून राष्ट्रीय विस्तार सेवा जन्मास आली.

आता आपला दुसरा प्रश्न येथे विचारा. हा पैसा कोणाच्या नावाने निघाला? शेतीसुधारणेच्या तगाईचा मूळ कायदा १८८३ सालचा. त्याची सारी घडी तारणावर बसविलेली आहे. आणि तारण म्हणजे जमीन. ज्याच्याजवळ जमीन आहे, त्याला आणखी जमीन सुधारण्यास पैसा मिळेल. ज्याच्याजवळ नाही, त्याने दुसऱ्याच्या बांधावर उभे राहून ती सुधारणा पाहावी. एकसाली लावणीचे तर नावच बोलके आहे. एका सालाची जमीन! जो माणूस पुढच्या वर्षी या जमिनीवर असेन की नाही हे जाणत नाही, तो बांध कशाला घालील आणि विहीर कशाच्या जोरावर खणील?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली हिंदुस्थानातील लहान शेतधारणेवर जो निबंध लिहिला, त्यात हेच मर्म सांगितले आहे. शेत किफायतशीर आहे की नाही हे केवळ एकरांवर ठरत नाही. त्या एकरांना भांडवल, अवजारे व श्रम यांची जोड किती आहे, यावर ते ठरते. पुढे १९४७ साली घटना समितीपुढे ठेवावयाच्या मसुद्यात त्यांनी पडीक जमिनी अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींसाठी राखून ठेवण्याची मागणी केली आणि शेती हा राज्याचा उद्योग व्हावा, भांडवल राज्याने पुरवावे, असे मांडले. जमीन व साधने यांची फारकत त्यांनी कधी केली नाही. सरकारने मात्र ती केली. जमीनवाल्यांना साधने दिली आणि भूमिहीनांना, फार तर, साधनांवाचून जमीन दिली.

गायरानाचा प्रश्न

१९५९ साली आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केले. पडीक सरकारी जमिनी कसणाऱ्यास मिळाव्यात, ही त्यांची मुख्य मागणी होती. हजारोंनी तुरुंग भरले. या चळवळीच्या रेट्याने महाराष्ट्र शासनास २७ डिसेंबर १९७८ चा निर्णय आणि पुढे २८ नोव्हेंबर १९९१ चा निर्णय काढावा लागला. पहिल्याने ३१ मार्च १९७८ पर्यंतची आणि दुसऱ्याने १४ एप्रिल १९९० पर्यंतची, शेतीसाठी झालेली अतिक्रमणे अटींवर नियमित करण्याचे ठरले. दुसरी तारीख बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाच्या आरंभाची होती.

कागदावर निर्णय झाला. परंतु सातबाऱ्यावर नाव चढणे ही वेगळी गोष्ट आहे. मराठवाड्यात व अन्यत्र अशी असंख्य कुटुंबे आहेत की, जी दोन-तीन पिढ्या गायरान कसत आहेत आणि तरीही भोगवटादार म्हणून ज्यांचे नाव कोठे नाही. त्याचा परिणाम केवळ मानापमानाचा नाही. २०१९ पासून केंद्र सरकार शेतकरी कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये देते, ते जमीनधारकास. पीककर्ज सातबाऱ्यावर. अतिवृष्टीची भरपाई नोंदीवर. २०१७ साली खास अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी बाबासाहेबांच्या नावाने कृषी स्वावलंबन योजना सुरू झाली. तीत नव्या विहिरीस प्रारंभी अडीच लाख रुपये ठरविले गेले. पण त्यासाठी किमान ०.४० हेक्टर जमीन स्वतःच्या नावावर हवी. ज्यांच्यासाठी योजना केली, त्यांतील सर्वांत गरजू माणूस पहिल्याच अटीवर बाहेर पडतो!

२८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावांच्या सामाईक जमिनींवरील बेकायदेशीर कब्जे काढण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. त्या वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्राने त्यास अनुसरून निर्णय काढला. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांवरील अतिक्रमणे हटविण्यास सांगितले, तेव्हा राज्यात दोन लाखांहून अधिक अतिक्रमणे असल्याचे पुढे आले आणि घरोघर नोटिसा गेल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा धाक सर्वांना ठाऊक आहे; त्यातील अपवाद थोड्यांना ठाऊक आहे. शासकीय अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना पट्टा दिलेला असेल, अशा अपवादात्मक प्रसंगी नियमितीकरण होऊ शकेल, असे त्याच निकालात म्हटले आहे. हा दरवाजा अरुंद आहे, पण बंद नाही. त्यातून आत जाण्यास कागद लागतो.

विरुद्ध बाजूचे म्हणणे

आपल्याविरुद्ध असे म्हटले जाते की, गायरान हे गुरांचे आहे आणि ते नांगरून आपण गावाचे नुकसान केले. या म्हणण्यास रागाने उत्तर देऊ नये. त्यातील खरे-खोटे निवडावे.

खरे एवढे आहे की गवत म्हणजे रिकामी जमीन नव्हे. सरकारी नकाशांनी गवताळ माळांना ‘पडीक’ या सदरात घातले; खरा पहिला नांगर त्या शब्दाने घातला. वस्तुतः पवन्या, मारवेल, कुसळी असे गवत पातळ मुरमाड जमिनीची माती धरून ठेवते आणि पावसाचे पाणी जिरविते. अशा उतारावर बांधबंदिस्तीवाचून नांगर घातला तर पहिली काही वर्षे बाजरी-मटकी येते आणि नंतर खडक उघडा पडतो. धनगराची मेंढी त्या गवतावर जगते. आपल्याच वस्तीतील विधवेच्या दोन शेळ्याही त्यावरच जगतात. तिच्याजवळ ना शेत आहे ना कडबा. म्हणून उरलेले प्रत्येक गायरान मोडावे, असे मी म्हणणार नाही. गवत मोडण्यासाठी सरकारने यापुढे पैसा द्यावा, असेही म्हणणार नाही. भूमिहीनाचे हित आणि मेंढपाळाचे हित यांत भांडण लावून देण्यात ज्यांचा फायदा आहे, ते दोघांपैकी एकाचेही नव्हेत.

आणि खोटे काय? गायरानाची काळजी सर्वांना सारखी आहे, हे खोटे. २०२३ साली सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा आला, तेव्हा वीजप्रकल्पांसाठी ठिकठिकाणची गायराने देण्यात आली आणि ग्रामपंचायतींना त्याबद्दल प्रोत्साहनपर अनुदानही ठेवण्यात आले. सौरवीज वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही. परंतु प्रकल्पासाठी गायरान दिले की तो विकास आणि भूमिहीनाने दोन एकर कसले की तो गुन्हा, हे कोणत्या न्यायात बसते? गुरांच्या चाऱ्याचा प्रश्न एका प्रसंगी आठवतो व दुसऱ्या प्रसंगी विसरला जातो, तेव्हा तो प्रश्न गुरांचा राहिलेला नसतो.

दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात एका राजाची कथा भगवंतांनी सांगितली आहे. राजाला महायज्ञ करावयाचा होता. राज्यात मात्र चोरी-लूट माजली होती. पुरोहिताने त्यास सांगितले की, वध, बंधन व दंड यांनी हा उपद्रव मिटणार नाही. जे शेती आणि गोपालन करतात त्यांना बियाणे व अन्न पुरवा, व्यापाऱ्यास भांडवल द्या, सेवकास वेतन द्या. मग प्रजा आपापल्या कामात लागेल व राज्य निर्भय होईल. शेती आणि गोपालन यांचा उच्चार तेथे एकत्र केला आहे, हे विसरू नका. नांगरणारा आणि राखणारा, दोघेही राजाच्या मदतीस पात्र. अनुदानाचे याहून शहाणे तत्त्व मला कोणत्याही अर्थसंकल्पात आढळलेले नाही.

मग मागावे काय आणि करावे काय?

सरकारकडे आपली मागणी तीन शब्दांत सांगता येईल : नाव, साधन आणि वाटा. १९७८ व १९९१ च्या निर्णयांत बसणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचे नाव सातबाऱ्यावर लागावे. नाव लागताच त्या जमिनीस बांधबंदिस्ती, विहीर व बियाणे यांचे साधन मिळावे. उरलेले गायरान गवताखालीच राहावे. परंतु त्या गवताच्या कापणीत व चराईत भूमिहीनांचा व मेंढपाळांचा वाटा ग्रामसभेने लेखी ठरवून द्यावा. गवत मोडण्यास जो पैसा जात होता, तो गवत राखणाऱ्या गरिबास मजुरी म्हणून मिळाला तर राज्याचे काही बिघडणार नाही.

आता आपल्या कर्तव्याविषयी. माझ्यापुढे येणाऱ्या प्रकरणांत हक्क नसल्यामुळे जितकी बुडतात, त्यांहून अधिक कागद जपून न ठेवल्यामुळे बुडतात. म्हणून पुढील गोष्टी घरातील शिकलेल्या मुला-मुलींना वाचून दाखवावयास सांगा.

पहिली गोष्ट : अतिक्रमणाबद्दल वाडवडिलांनी भरलेल्या दंडाच्या पावत्या फेकू नका. त्या लाजेच्या नाहीत. अमुक साली अमुक माणूस या जमिनीवर होता, हे सरकारने स्वतःच्या हाताने लिहून दिलेले ते प्रमाण आहे. शिक्षेचा कागद हाच हक्काचा कागद होतो. त्याबरोबर जुन्या सातबाऱ्यातील पीकपाहणीचे उतारे, गाव नमुना १-ई म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, पंचनामे आणि सत्याग्रहात तुरुंगवास झाला असल्यास त्याचा दाखला, यांच्या प्रमाणित नकला काढून ठेवा.

दुसरी : नोटीस आली तर घाबरून घर सोडू नका आणि दुर्लक्षही करू नका. ती कोणत्या कलमाखाली आहे हे पाहा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ५० अतिक्रमण दूर करण्याचे आहे. त्याच्या लगतचे कलम ५१ ते नियमित करण्याचे आहे. दोन्ही कलमे एकाच कायद्यात आहेत. अधिकाऱ्यास पहिले आठवत असेल तर दुसऱ्याची आठवण आपण लेखी द्यावी. मुदतीत उत्तर द्या, सुनावणी मागा, पोच घ्या. विरुद्ध आदेश झाल्यास अपिलाची मुदत अधिकाऱ्याच्या दर्जाप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांची असते. ती एक दिवसही हुकवू नका.

तिसरी : गायरानाचा कब्जा मुद्रांकावर लिहून कोणाला विकू नका आणि विकत घेऊही नका. असल्या कागदाने घेणाऱ्यास काही मिळत नाही आणि देणाऱ्याचा मूळ दावाही नष्ट होतो. नियमित झालेली जमीनही भोगवटादार वर्ग दोनची असते. परवानगीवाचून तिचे हस्तांतरण होत नाही.

चौथी, जे नुकतेच धम्मात आले आहेत त्यांच्यासाठी : १९९० च्या कायदादुरुस्तीने अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांचे हक्क केंद्रातही कायम केले आहेत. धम्म स्वीकारल्याने जमिनीचा दावा किंवा सवलत जाते, असे सांगून जो भीती घालतो तो एक तर अज्ञानी आहे किंवा लबाड. मात्र पूर्वीच्या जातीची शाळेतील व महसुली नोंद सांभाळून ठेवा आणि जातीचा दाखला रीतसर काढून घ्या. ज्या भूमिहीन कुटुंबांकडे कसण्यास काहीच नाही, त्यांनी दादासाहेबांच्या नावाच्या सबलीकरण व स्वाभिमान योजनेत अर्ज करावा. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीनांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची ही योजना २००४ सालची असून २०१८ पासून ती पूर्णपणे अनुदानावर आहे. विधवा व परित्यक्ता भगिनींना तीत प्राधान्य आहे. सरकारी दराने जमीन विकणारा मिळत नाही ही तिची मोठी अडचण. पण अर्जच नसेल तर ती अडचण कोणाच्या डोळ्यांवर येणार?

आणि शेवटची : ज्यांच्या नावावर जमीन झाली आहे, त्यांनी उताराला आडवे बांध घालावेत आणि बांधावर गवत राखावे. आपण माती राखली तर गायरान नासल्याचा आरोप आपोआप गळून पडतो. अनुदानाने जमीन मोडणाऱ्यांनी जगभर माती घालविली. अनुदानावाचून जमीन कसणाऱ्यांनी ती राखून दाखवावी, आणि मग ताठ मानेने साधने मागावीत. ती भीक नव्हे. ज्या राज्याने इतरांच्या नांगराला पैसा दिला, त्याच्याकडे असलेली ती आपली थकबाकी आहे.